मराठवाड्यात एकच रॉड अन् एकच रीळ घ्यायचं असेल तर

दरवर्षी पोळा झाला, गणपती बसले अन् धरणात पाणी दिसायला लागलं की ओळखीतली दोन-चार पोरं विचारायला येतातच, दादा गळ टाकायला चांगला रॉड कोणता घ्यावा, अन् सोबत मोबाईलवर एखादा व्हिडिओ दाखवतात, अमेरिकेतला नाहीतर कॅनडातला, त्यात कुणीतरी वॉलआय नावाचा मासा धरायलाय अन् म्हणतोय की हा एकच सेट घ्या, सगळ्याला चालतो. पोरांचा प्रश्न एकच, हे आपल्याकडं चालेल का. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

उत्तर आधीच सांगतो म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच दुकानात जाईल. सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड. त्यावर २५०० किंवा ३००० साईजचं स्पिनिंग रीळ. अन् त्या रिळाला दोन स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकऱ्या, पाहिजेत, एकीवर साधा तंगूस (नायलॉनची लाइन), दुसरीवर ब्रेड (बारीक धाग्यांची वेणी). ह्यातली दोन स्पूलची गोष्ट कुणीच मनावर घेत नाही, पण खरं सांगायचं तर एका रॉडचे दोन रॉड त्यानंच होतात. कसे ते पुढं येईलच.

आता ह्या वॉलआयचं बघू, कारण त्याच्यासाठी सांगितलेला सेट आपल्याला अर्धा लागू पडतो अन् अर्धा नाही. हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा आहे, थंड पाण्यातला. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागं उजेड परतवणारा थर असतो म्हणून अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं अन् तो पहाटे, दिवस मावळताना नाहीतर गढूळ पाण्यात जास्त खातो. राहतो तळाजवळ, अन् आमिष घेतो ते लई हलक्या तोंडानं. त्यांच्या मिनेसोटा राज्यानं १९६५ साली ह्याला राज्यमासा केलं, अन् त्याच वर्षी ऑक्टोबरात इकडं पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हातनं जायकवाडीची पायाभरणी झाली, हे मला एकदा सहज वाचताना लक्षात आलं अन् तेव्हापासून डोक्यात बसलंय. तर वॉलआयसाठी तिकडचे लोक साडेसहा-सात फुटी, मीडियम-लाईट नाहीतर मीडियम, टोकाला पटकन वाकणारा रॉड अन् २५०० चं रीळ वापरतात, लाइन आठ-दहा पौंडाची, म्हणजे एवढ्या ओढीला तुटणारी, अन् जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचे गळ, साडेतीन ते दहा ग्रॅमचे. म्हणजे हलकी टोच हाताला कळली पाहिजे, ही त्यांची मुख्य गरज.

ती गरज आपलीपण आहे. मृगळ कणीक कशी चोखतो, रोहू गांडुळाचं टोक कसं ओढून सोडून देतो हे ज्यानं बघितलंय त्याला कळेल. जाड काठीवर ते काहीच कळत नाही, माणूस अर्धा तास बसून राहतो अन् गळ वर काढला तर नुसता लोखंडाचा आकडा. पण आपल्याकडं त्याच पाण्यात मरळ पण आहे, जो आमिषावर दगड पडल्यासारखा आदळतो अन् लगेच गवतात घुसतो, शिवडा आहे ज्याच्या तोंडात बारीक दातांची कानस असते, शिंगाळा आहे, वाम आहे, सायप्रिनस आहे, कटला तर हातभर मोठा होतो. वॉलआयचा मीडियम-लाईट रॉड ह्यांच्यापुढं कमी पडतो. म्हणून मी म्हणतो त्यांचा सेट घ्या पण एक पायरी वर चढून, मीडियम-लाईट नको, पक्का मीडियम घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या पाण्याची. मिनेसोटातलं तळं वर्षभर तळंच राहतं. आपल्याकडं एकाच धरणाची वर्षात दोन-तीन रूपं होतात. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, सप्टेंबरात भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी पसरतं, काठ उथळ, पाण्यात बाभळी उभ्या, गवत बुडालेलं. तेच मे महिन्यात पाणी एवढं मागं सरकतं की काळ्या मातीच्या भेगांतून पाऊण तास चालावं लागतं तेव्हा कुठं काठ लागतो. पूर्णेवरचं येलदरी, सिंदफणेवरचं माजलगाव, धनेगावचं मांजरा, नांदेडचं विष्णुपुरी, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच. मांजरा तर २०१६ ला कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. अन् ह्याशिवाय आपली जास्तीची मासेमारी होते ती नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर, कॅनॉलच्या कडेला, गावतळ्यात, शेततळ्यात. म्हणजे एका दिवशी लांब फेकायचंय, दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांदीखालून दहा फुटावर आमिष सोडायचंय. एकच रॉड ह्या दोन्हीला पुरला पाहिजे, अन् म्हणून लांबी सात फूट. सहा फुटीनं फेक कमी पडते अन् काठावरचं गवत ओलांडून मासा बाहेर घेता येत नाही. नऊ-दहा फुटी घेतला तर धरणावर मजा येते पण बंधाऱ्यावर झाडाला अडकतो अन् हाताला दिवसभर जड होतो. सात फूट म्हणजे साधारण २.१ मीटर, बऱ्याच रॉडवर मीटरमध्येच लिहिलेलं असतं म्हणून सांगितलं.

आता पॉवर अन् ॲक्शन, ह्यात दुकानदारांचापण गोंधळ असतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठनं वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या एक तृतीयांशात वाकतो अन् खालचा भाग ताठ राहतो, मॉडरेट ॲक्शनचा अर्ध्यापर्यंत वाकतो, स्लो म्हणजे मुठीपर्यंत कमान होते. फास्टचा फायदा असा की टोक बारीक अन् जिवंत असतं, टोच लगेच कळते, अन् खालचा ताठपणा गळ रुतवायला कामी येतो. मरळीचं तोंड हाडाचं, तिथं मऊ रॉडनं झटका मारला तर गळ रुततच नाही, मासा नुसता आमिष तोंडात धरून ठेवतो अन् काठाजवळ आला की सोडून देतो. मरळ निसटायचं हे पहिलं कारण, मासा हुशार असतो वगैरे नंतर.

दुकानात रॉड हातात घेतला की मुठीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं वाचा. तिथं लाइन किती पौंडाची अन् लूर, म्हणजे खोटं आमिष, किती वजनाचा ते लिहिलेलं असतं. आपल्याला लाइन साधारण ८ ते १४ पौंड अन् लूर ७ ते २१ ग्रॅम असं काहीतरी पाहिजे. काहींवर औंसात असतं, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, तर पाव ते पाऊण औंस. ज्या रॉडवर हे काहीच छापलेलं नाही, नुसतं सुपर पॉवर अन् चमकीचं स्टिकर आहे, तो रॉड घेऊ नका, कितीपण स्वस्त असला तरी. मग रॉड जोडायला सांगा अन् टोक छताला हलकं टेकवून दाबा, कुठनं वाकतोय ते डोळ्यानं दिसतं. रॉड हातात हलवून सोडा, टोक दोनदा-तीनदा हलून थांबलं तर चांगला, डुलतच राहिला तर फेकताना नेम धरत नाही.

मटेरियलचं म्हणाल तर निव्वळ ग्लास फायबरचा रॉड दणकट असतो, मोटारसायकलवर आदळला तरी काही होत नाही, पण जड असतो अन् टोच हाताला मेल्यासारखी लागते. निव्वळ कार्बन हलका अन् जिवंत, पण दगडावर आपटला, दाराच्या फटीत सापडला की गेला, अन् जिथं मार बसला तिथं लगेच मोडत नाही, पुढच्या मोठ्या माशावर मोडतो. आपल्या वापराला कार्बनचा नाहीतर कार्बन अन् ग्लास मिसळलेला, दोन्ही चालतात. ज्याला रोज दुचाकीवर बांधून न्यायचाय त्यानं मिसळलेलाच घ्यावा.

टेलिस्कोपिक रॉड, म्हणजे एकात एक सरकून छोटा होणारा, ह्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं नवीन माणूस सगळ्यात आधी तोच घेतो. मीपण तोच घेतला होता. पिशवीत बसतो, घरच्यांना दिसत नाही, स्वस्त असतो. माझा पहिला पावसाळा बरा गेला, पण आपली काळी माती अन् धूळ त्या सांध्यांत बसत गेली अन् एक दिवस बंधाऱ्यावर चांगला दोन किलोच्या पुढचा सायप्रिनस लागला असताना मधला सांधा आत सरकला, रॉड एकदम आखूड झाला, लाइन ढिली पडली अन् मासा गेला. घरी आल्यावर तो सांधा ओढला तर बाहेर येईना, जोर लावला तर चिरला. प्रत्येक टेलिस्कोपिक असाच असतो असं नाही, महागातले चांगले येतात, पण त्याच पैशात दोन तुकड्यांचा रॉड नेहमी जास्त भरवशाचा मिळतो. सात फुटाचे दोन तुकडे म्हणजे साडेतीन-साडेतीन फूट, एसटीतपण बाजूला उभा राहतो. एखादा पीव्हीसी पाइप कापून त्यात घालून नेला तर बघायलाच नको.

अजून एक तपासणी जी दोन मिनिटाची आहे पण कुणी करत नाही. लाइन ज्या कड्यांतनं जाते त्या मोजा. सात फुटी रॉडला टोकाची धरून सात-आठ कड्या पाहिजेत, पाचच असतील तर रॉड वाकल्यावर लाइन दांडीला घासते. अन् घरनं कापसाचा बोळा घेऊन जा, प्रत्येक कडीच्या आतनं फिरवा. कुठं कापूस अडकला तर तिथं चीर आहे, ती चीर नवीन लाइन एका दिवसात खाऊन टाकते अन् माणूस लाइनच्या कंपनीला शिव्या देत बसतो. नवीन रॉडवरपण बघा अन् जुना घेत असाल तर बघाच बघा.

रिळाकडं येऊ. २५०० नाहीतर ३००० हा आकडा वजनाचा नाही, साईजचा आहे, अन् प्रत्येक कंपनीची साईज थोडी इकडंतिकडं असते म्हणून आकड्यावर जाऊ नका, हातात घ्या. अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं रीळ सात फुटी रॉडवर बसवून, रिळाचा दांडा मधल्या बोटांत धरून बघा, रॉड मुठीच्या जवळच तोलला गेला पाहिजे. टोक खाली पडत असेल तर दिवसभरात मनगट भरून येतं. १००० चं रीळ लहान पडतं, त्यावर तंगूस कमी मावतो अन् बारीक स्पूलमुळं लाइनला वेटोळे जास्त पडतात. ४००० अन् ५००० वाली धरणाच्या भिंतीवरनं मोठ्या कटल्यासाठी, नाहीतर समुद्रासाठी ठीक, ह्या रॉडवर ती दगड बांधल्यासारखी होतात.

रिळात बघायचं ते ड्रॅग. ड्रॅग म्हणजे स्पूलमधला ब्रेक, मासा ठराविक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल फिरतं अन् लाइन सुटत जाते, तुटत नाही. डब्यावर मॅक्स ड्रॅग ८ किलो, १० किलो असं मोठ्या अक्षरात लिहितात. त्या आकड्याचा आपल्याला काही उपयोग नाही, आपण दोन-अडीच किलोच्या वर कधी जातच नाही. उपयोग आहे तो ड्रॅग किती गुळगुळीत सुटतो ह्याचा. दुकानात लाइनचं टोक हळू ओढा, मग जोरात ओढा. पहिल्या ओढीला अडकून मग एकदम झटक्यानं सुटत असेल तर ते रीळ ठेवून द्या. मासा पळायला लागतो तो पहिला क्षणच लाइन तुटायचा क्षण असतो, अन् नेमकं तिथंच हे अडकणारं ड्रॅग घात करतं. पुढची गोल चकती फिरवल्यावर ब्रेक हळूहळू कडक होत गेला पाहिजे. अर्धा वेढा दिला अन् एकदम कुलूप बसलं, असं नको.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. तेरा बेअरिंग, अठरा बेअरिंग असं छापतात, पण चांगली पाच बेअरिंग असलेलं रीळ खराब तेरावाल्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त चालतं. त्यापेक्षा हँडल धरून पुढं-मागं हलवा. मागं अजिबात सरकलं नाही पाहिजे, जिथं थांबवलं तिथंच थांबलं पाहिजे. बेल, म्हणजे तारेची ती कमान, उघडून बंद करा, खट्कन बसली पाहिजे. ज्या छोट्या चाकावरनं लाइन वळते ते बोटानं फिरवा, ते फिरत नसेल तर लाइनला पीळ बसतो. गिअर रेशो ५.२:१ च्या आसपास चांगला, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात लाइन पाच वेळा अन् वर थोडी गुंडाळली जाते. ना फार जलद, ना फार हळू.

अन् विकत घेतानाच विचारा, जादा स्पूल सोबत आहे का, नसेल तर ह्याच मॉडेलचं वेगळं मिळतं का. हे का महत्त्वाचं ते आता सांगतो, मला ह्या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते.

साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची मोनोफिलामेंट लाइन, ताणली की लांब होते, चांगली वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांची वेणी, ती जवळजवळ ताणलीच जात नाही. आता फास्ट ॲक्शनचा ताठ रॉड अन् त्यावर न ताणणारी ब्रेड लावून रोहू धरायला गेलात तर काय होतं, रोहूचं तोंड मऊ, ओठ रबरासारखे, मासा धडक देतो अन् मध्ये झटका झेलायला काहीच नसतं, गळ ओठ फाडून बाहेर. तोच रॉड, तेच रीळ, नुसता तंगूसाचं स्पूल चढवा, आता लाइनच स्प्रिंगसारखी काम करते अन् रॉड मऊ झाल्यासारखा वागतो. उलट मरळीला, गवतात, बाभळीच्या बुंध्याजवळ, तिथं ताण नकोच, तिथं झटका मारला की त्या क्षणी गळ रुतला पाहिजे अन् मासा वर आला पाहिजे, तिथं ब्रेड. स्पूल बदलायला अर्धा मिनिट लागतो. रोहू-मृगळसाठी वेगळा मॉडरेट रॉड अन् मरळीसाठी वेगळा ताठ रॉड घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्या, पण नसेल तर हे स्पूलचं काम करतं अन् चांगलं करतं.

तंगूस ०.२८ ते ०.३० मिलिमीटरचा घ्या, तो दहा-बारा पौंडाला उतरतो. गावच्या बाजारात जाळ्याचा तंगूस मिळतो तो घेऊ नका, तो कडक असतो, रिळावरनं स्प्रिंगसारखा उसळून गुंता होतो. ब्रेड वीस ते तीस पौंडाची, मरळीचंच जास्त करत असाल तर तीस. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर सगळी गुंडाळीच स्पूलवर घसरते, मासा ओढतो अन् ड्रॅग ढिलं आहे असं वाटत राहतं, म्हणून आधी दहा-पंधरा वेढे तंगूसाचे द्या अन् त्याला ब्रेड जोडा. स्पूल काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरा. कमी भरलं तर फेक जात नाही, काठोकाठ भरलं तर वेटोळे एकदम निसटून गुंता होतो.

ब्रेडच्या टोकाला लीडर, म्हणजे ब्रेड अन् गळाच्या मधला जाड लाइनचा तुकडा, लागतोच लागतो. आपल्याकडं सगळीकडं काळा बेसाल्ट, कातळाच्या धारा चाकूसारख्या, ब्रेड दगडाला घासली की तिचे धागे सुटायला लागतात. दोन-अडीच फूट जाड तंगूस, वीस-पंचवीस पौंडाचा, नाहीतर फ्लुरोकार्बन, डबल युनी गाठीनं जोडा. शिवडा निघतो अशी जागा असेल तर लीडर अजून जाड, चाळीस पौंडाचा नाहीतर तारेचा. गाठ कोणतीपण मारा पण आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की तंगूस घासून गरम होतो अन् गाठीपाशीच कच्चा पडतो. गळाला मी पालोमार गाठ मारतो, ती अंधारातपण जमते.

वापरायचं कसं, थोडक्यात. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी भरलेलं, गढुळाई बसत आलेली, काठाच्या गवतात मरळ. ब्रेडचं स्पूल, रबरी बेडूक दहा-बारा ग्रॅमचा, गवताच्या मोकळ्या जागेतनं हळू ओढा, मरळीनं धडक दिली की लगेच झटका मारू नका, एक-दोन श्वास थांबा, लाइन बाजूला सरकायला लागली की मारा. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड, मासा खोल अन् मंद, तेव्हा तंगूसाचं स्पूल, तळाला दहा-पंधरा ग्रॅमचं शिसं, बारीक गळ, गांडूळ नाहीतर कणीक. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळली तर रोहूला वास लांबनं येतो. फेब्रुवारीनंतर पाणी उतरत जातं, काठ मोकळे होतात, तेव्हा छोटे स्पिनर (फिरत्या पातीचे लूर), सात-आठ ग्रॅमचे चमचे (चमच्यासारखे धातूचे लूर) फेकून चालत चालत पुढं जायचं, चिलापी अन् लहान मरळ दोन्ही लागतात. फ्लोट विकतचाच पाहिजे असं नाही, लहानपणी आम्ही ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा लावायचो अन् अजूनपण उथळ पाण्यात तो मला जास्त आवडतो, हलकी टोचसुद्धा दाखवतो.

हा सेट काय करू शकत नाही तेपण ऐका. धरणाच्या भिंतीवरनं सत्तर-ऐंशी ग्रॅमचा पेंडीचा लगदा लांब फेकायचा असेल तर नाही, रॉड मोडेल. दहा किलोचा कटला नाहीतर मोठा शिवडा दगडांतनं ओढून काढायचा असेल तर नाही. जलपर्णीनं पूर्ण झाकलेल्या तळ्यात मरळ ओढायची तर त्याला हेवी रॉड अन् पन्नास पौंडाची ब्रेड लागते. बाकी आपण जे दहातले आठ दिवस करतो ते सगळं हा करतो.

पैशाचं गणित असं की पाच हजार असतील तर दीड-दोन हजार रॉडला, दोन हजार रिळाला, अन् उरलेले लाइन, जादा स्पूल अन् चांगल्या गळांना ठेवा. लोक सगळे पैसे रॉडला घालतात अन् वर चाळीस रुपयांचा तंगूस भरतात, मासा त्या चाळीस रुपयांवर जातो. एवढं बजेट नसेल तर रॉड स्वस्तातला घ्या, रिळावर काटकसर करू नका.

सांभाळायचं म्हणजे फार काही नाही. मे महिन्यात बंद गाडीत रॉड-रीळ ठेवू नका, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते, तंगूस कडक अन् ठिसूळ पडतो. तंगूस दर हंगामाला बदला, तो महाग नाही. काळा चिखल लागलेलं रीळ नळाखाली जोराच्या धारेत धरू नका, चिखल धारेनं आत जातो, ओल्या फडक्यानं पुसा अन् हँडलच्या सांध्याला, लाइनच्या चाकाला एक-एक थेंब तेल. घरी ठेवताना ड्रॅग पूर्ण ढिलं करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात अन् मग तेच अडकणं सुरू होतं.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. कार्बनच्या रॉडमधनं वीज वाहते. आपल्याकडं कॅनॉलच्या कडेनं, विहिरीवर, शेततळ्यावर मोटारीच्या तारा लोंबत असतात, कुठं कुठं तर हात वर केला तरी जवळ येतील इतक्या खाली. सात फुटी रॉड डोक्यावरनं मागं नेऊन फेकताना आधी वर बघा, दरवेळी बघा. तारेखालून चालत जाताना रॉड सोडवून आडवा धरा. अन् मृगात, नाहीतर परतीच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवा अन् मोकळ्या काठावरनं निघा, झाडाखालीपण थांबू नका. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून शेतात माणसं जातात, आपण तर पाण्याच्या कडेला उभी दांडी घेऊन थांबलेलो असतो.

दुसरं परवानगीचं. तळी-तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, त्यांनी त्यात बीज सोडलेलं असतं, पैसे घातलेले असतात. आधी जाऊन विचारा, भोई मामा मंडळी एका गळाला सहसा नाही म्हणत नाहीत, उलट जागा दाखवतात. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. अन् जून-जुलैत चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन असतो, आषाढ-श्रावण रॉड घरी राहू द्या. तळ्यात वरच्या वर तांबड्या पिल्लांचा पुंजका बुडबुडताना दिसला तर त्याच्या खाली मरळ राखणीला असते, ती राखणीच्या रागानं कोणत्यापण आमिषावर धावून येते, धरायला सोपी असते. तिला धरू नका, ती गेली की तो सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

सेट घरी आला की पहिल्या दिवशी पाण्यावर जायच्या आधी एक काम करा. रॉड जोडा, लाइन सगळ्या कड्यांतनं ओढून घ्या अन् टोकाला हुकाचा वजनकाटा बांधा, भाजीवाल्यांकडं असतो तसला छोटा डिजिटल चालतो. घरातल्या कुणालातरी काटा धरायला लावा अन् तुम्ही रॉड तिरपा धरून, मासा लागल्यासारखा, हळूहळू मागं घ्या. ड्रॅग सुटायला लागेल तेव्हा काट्यावर किती किलो दिसतंय ते बघा. लाइनच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा पाहिजे. बारा पौंडाचा तंगूस म्हणजे साधारण साडेपाच किलो, तर ड्रॅग दीड किलोच्या आसपास सुटला पाहिजे. ब्रेडच्या स्पूलला तीस पौंडाचा हिशोब धरू नका, सगळ्यात कच्चा भाग लीडर आहे, वीस पौंडाचा लीडर म्हणजे नऊ किलो, तर सव्वादोन-अडीच किलो. दोन्ही स्पूलला चकती कुठं आली ते पेनानं छोटी रेघ मारून ठेवा. घरी ड्रॅग ढिलं करून ठेवलं असेल तर काठावर गेल्यावर आधी चकती त्या रेघेवर आणा, मगच गळाला आमिष लावा.